शाळेची घंटा आणि घरचे घड्याळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मंडळात आजवर मी सतरंज्या घातल्या, संक्रांतीचे वाण वाटले, वहीत जमाखर्च उतरवला. चार लोकांपुढे उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहात, तेव्हा मुलांच्या शिक्षणावर तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. शिक्षणावर शिकलेल्यांनी बोलावे." त्यावर त्या म्हणाल्या, "ज्याची भाकरी हुकली, त्यालाच भुकेचे विचारावे." मग मला नाही म्हणता आले नाही. चुकले माकले तर आपलीच बहीण म्हणून सांभाळून घ्या.

मी आज पुस्तकांविषयी बोलणार नाही, की शाळेच्या इमारतीविषयीही नाही. मी बोलणार आहे वेळेविषयी. शाळा किती वाजता भरते, किती वाजता सुटते, वर्षातून किती दिवस चालते, आणि त्यांतले किती तास आपले मूल खरोखर तिथे असते. गोष्ट दिसायला लहान आहे. पण याच गोष्टीवर माझे शिक्षण अडले, म्हणून मला ती लहान वाटत नाही.

साल १९९३. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी पास झाले. गावात शाळा तेवढीच. पुढचे हायस्कूल बाजारच्या गावी, आमच्यापासून दोन कोसांवर. तिथे माझे नावही घातले होते. शाळा अकराला भरायची आणि साडेपाचला सुटायची. आमच्या गावाकडे येणारी गाडी पाचला निघायची. त्यानंतरची गाडी थेट रात्री आठला. मुलगे सायकलीवर जात येत. मुलीच्या हाती सायकल देण्याची आमच्याकडे तेव्हा रीत नव्हती. जून महिन्याचे पहिले दहा दिवस दादा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी मला आणायला पायी आले. मग पाऊस पडला आणि ते पेरणीला लागले. आईने एकदा आणले. एकदा मी आणि शेजारची मुलगी अंधारात ओढा ओलांडून आलो, तर घरी सगळ्यांचे चेहरे उतरलेले. दादा म्हणाले, "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

भगिनींनो, ते पुढचे वर्ष काही आले नाही.

दादांचा मला राग नाही. गाडीवाल्यांचाही नाही आणि शाळेचाही नाही. गाडी तिच्या वेळेला बरोबर होती, घंटा तिच्या वेळेला बरोबर होती. पण त्या दोघींच्या मध्ये अर्धा तास होता आणि त्या अर्ध्या तासात मी पडले. कोणीतरी दोन्हीकडे जाऊन विचारायला हवे होते, की बाबांनो, तुम्हांला एकमेकांशी जुळवून घेता येईल का? पण तेव्हा असे विचारणारे मंडळ नव्हते, आणि असे विचारता येते हेही कोणाला ठाऊक नव्हते. माझी शाळा सुटली त्यानंतर काही वर्षांनी सरकारने मुलींना एस.टी.चा मोफत पास सुरू केला. आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाने तो आहे. त्या पासावर कितीतरी मुली शिकल्या. मात्र पास असला तरी गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळावीच लागते.

समितीवर आल्यावर एका बैठकीत गुरुजींनी कायदा समजावून सांगितला. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यात नुसते मुलाला शाळेत घाला असे म्हटलेले नाही, तर तासही नेमून दिले आहेत. पहिली ते पाचवीला वर्षाचे निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे झाले पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. मी घरी येऊन भागाकार केला. ८०० तासांना २०० दिवसांनी भागले तर दिवसाला ४ तास येतात. दिवसाच्या २४ तासांपैकी फक्त ४. म्हणजे आपल्या लेकराच्या साऱ्या जन्माचा पाया या चार तासांत भरायचा आहे. ते चार तास सोन्याच्या तोळ्यासारखे जपायला नकोत काय?

आता या चार तासांचे काय होते ते पाहू. गुरुजी समोर बसले आहेत, त्यांनी रागावू नये. ६० मुलांपर्यंतच्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार आणि शिक्षक दोन. म्हणजे एका गुरुजींपुढे दोन वर्ग. पहिलीला बाराखडी सांगताना दुसरीने आपापले लिहीत बसायचे. चार तासांतले दोनच तास मुलाच्या वाट्याला गुरुजींचे तोंड येते. त्यात परिपाठ, त्यात खिचडी शिजणे आणि वाटणे. निवडणूक आली, जनगणना आली, की गुरुजींना तिकडे जावे लागते. ती कामे कायद्यानेच त्यांच्याकडे दिली आहेत, त्यात त्यांचा इलाज नाही. हे सगळे वजा जाता जे उरते ते आधीच थोडे. आणि त्या थोड्यातून आणखी कोण काढून घेते? भगिनींनो, ते आपण घेतो. हे मी तुमच्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझीच गोष्ट सांगते.

माझी मुलगी चौथीत होती. दसऱ्यानंतर कापूस फुटला. पाथर्डी-शेवगावकडचा कापूस म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. वेचणीला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. मी मुलीला म्हटले, "आज घरी राहा, उद्या जा." उद्याही तेच झाले. मग मामाच्या घरचे लग्न, मढीची यात्रा, धाकट्याला ताप, पाण्याचा टँकर. प्रत्येक वेळी एकच दिवस. एका दिवसाने काय होते, असे मी म्हणत राहिले.

वर्षअखेरीला शाळेतल्या बाईंनी मला बोलावले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हजेरीपट पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हीच मोजा." मी बोट ठेवून मोजले. ४३ दिवस. मला खरेच वाटेना. घरी येऊन आठवून आठवून लिहिले. कापूस १९ दिवस, धाकट्याला सांभाळणे ८, लग्ने ७, आजारपण ६, यात्रा ३. बेरीज बरोबर ४३ आली. ४३ दिवसांना चार तासांनी गुणले, १७२ तास झाले. ८०० मधले १७२ तास, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त, मी माझ्या हाताने काढून घेतले होते. दुधवाल्याने पाच लिटरमध्ये एक लिटर कमी घातले असते तर मी त्याला दारात उभे केले नसते!

मुलगी हुशार नव्हती असे नाही. पण तिला अपूर्णांक येईनात. अर्धा, पाव, पाऊण तिला चुलीपाशी कळत होते. पावशेर तेल, अर्धा किलो गूळ ती बिनचूक आणायची. पण पाटीवर दोन अंक एकावर एक लिहिले की ती गप्प बसायची. बाईंनी शोधून काढले, की अपूर्णांकांचा धडा ज्या दिवसांत झाला त्या दिवसांत ती कापसात होती. पुढे भागाकार आले, मग दशांश आले, सगळे त्याच धड्यावर उभे. तळातली वीटच नाही, तर वरची भिंत कशी टिकणार? मुलगी मला म्हणाली, "आई, मला गणित येत नाही. मला घरीच राहू दे." ते ऐकले आणि मला माझे दादा आठवले. त्यांनी म्हटले होते, यंदा राहू दे. ज्या अर्ध्या तासासाठी मी आयुष्यभर हळहळले, तेच मी माझ्या लेकीला करत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विरजणाचे उदाहरण घ्या. दुधाला विरजण लावले की भांडे एका जागी, उबेत, ठरलेला वेळ राहिले पाहिजे. घडीघडी उचलून हलवले तर दही लागत नाही. मग दूध वाईट होते, की विरजण वाईट होते, म्हणून भांडत बसण्यात अर्थ नाही. शिकण्याचेही तसेच आहे. काल ऐकलेले आज पुन्हा गिरवले, परवा त्याच्यावर उदाहरण सोडवले, तेव्हा ते मुरते. मधला दिवस गेला की नुसता तो दिवस जात नाही, आदल्या दिवसाचेही निम्मे घेऊन जातो. करोनाच्या साथीत आपण हे सगळ्यांनी पाहिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. लहान मुलांचे वर्ग खेड्यांत उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद पडले. घरात मोबाईल एक आणि मुले तीन. पहिलीत नाव घातलेली मुले वर्गात नीट न बसताच तिसरीत गेली. त्यांतली काही अजून जोडाक्षराला अडखळतात.

त्या उन्हाळ्यापासून मी एक केले. ज्या दिनदर्शिकेवर मी दुधाचा रतीब आणि कापसाचे वजन मांडते, तिच्यावरच मुलीच्या शाळा बुडालेल्या दिवसाला लाल फुली मारू लागले. फुली डोळ्यांसमोर दिसली की हात आखडतो. पाचवीत फुल्या ११ झाल्या, सहावीत ४. बाईंनीही उपकार केले. दोन महिने त्या शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी आल्या आणि तिचे मागचे गणित भरून काढले. आज ती नववीत आहे. पहिल्या नंबरात नाही, पण गणिताला घाबरत नाही. कापसाचे काय, असे तुम्ही विचाराल. कापूस चार दिवस उशिरा घरी आला. थोडा वाऱ्याने गेला. तो मी धरला आणि सोडला.

आता मी त्या लेकरांकडे येते ज्यांची शाळा चार-सहा दिवस नव्हे, अर्धे वर्ष बुडते. आपला जिल्हा एक, पण त्याची दोन अंगे आहेत. उत्तरेकडे प्रवरेचे आणि मुळेचे पाणी, कालवे, ऊस. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, त्याचे नाव देशभर झाले. दक्षिणेकडे आपण. पाथर्डी, शेवगाव, जामखेड. इकडे पाणी कमी आणि हात मोकळे. तिकडे ऊस, इकडे कोयता. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गाडीत संसार भरतात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. कोणी आपल्याच जिल्ह्यात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता.

आता शाळेचे वर्ष पाहा. ते जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलअखेर संपते. म्हणजे कारखान्याचा हंगाम नेमका शाळेच्या पोटात येतो. दिवाळीपूर्वी मूल जरा अक्षरे जुळवू लागते, तोच ट्रक येतो. पुन्हा हिशेब करा. २०० दिवसांतले सुमारे १०० दिवस गेले, तर पहिली ते चौथी या चार वर्षांत मुलाला दोनच वर्षे शाळा मिळाली. दाखल्यावर मात्र चौथी पास. ते मूल मठ्ठ नाही, भगिनींनो. त्याला दुसरीपुरतीच शाळा मिळाली आहे आणि आपण त्याला चौथीचे विचारतो आहोत.

माझी एक चुलत जाऊ दरवर्षी ऊसतोडीला जाते. तिने मुलाला सासूजवळ ठेवले. तो गावच्या हंगामी वसतिगृहात जेवतो आणि शाळेत जातो. मुलीला मात्र बरोबर नेले. का? तर कोपीवर धाकट्या बाळाला कोण सांभाळणार? पहाटे चारला फडात जायचे, बाळाला उसाच्या सरीत टाकता येत नाही. आठ वर्षांची मुलगी त्या बाळाची आई झाली. पाडव्याला परत आली तेव्हा मी तिला तिचेच जुने पुस्तक दिले. दिवाळीपूर्वी तिने मला त्यातला धडा वाचून दाखवला होता. या वेळी तिने पान उघडले, चित्राकडे पाहिले आणि पुस्तक मिटून म्हणाली, "काकू, आधी येत होते." मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

माझ्या जावेला मी दोष देणार नाही. उचल फेडायची असते, आणि कोयत्याला दोन हात लागतातच. सरकारनेही काहीच केले नाही असे नाही. काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. मुलाला बरोबर नेलेच तर तिकडच्या शाळेने दाखल करून घ्यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड मिळते. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. पण माझ्या अल्पमतीप्रमाणे या सगळ्यांत मुलाने गावात, आपल्याच शाळेत राहणे हेच बरे. तेच गुरुजी, तेच पुस्तक, तोच सोबती. विरजणाचे भांडे हलत नाही.

कोणी म्हणेल, मग शाळेच्या सुट्ट्याच बदला. मलाही आधी तसेच वाटले होते. विदर्भात ऊन कडक, म्हणून तिकडच्या शाळा आपल्यापेक्षा उशिरा उघडतात. उन्हासाठी वेळापत्रक बदलते, तर कोयत्यासाठी का बदलू नये? पण विचार केल्यावर उमगले. ऊन आठ-पंधरा दिवसांचे, कोयता सहा महिन्यांचा. सहा महिन्यांची सुट्टी दिली तर शाळाच उरणार नाही. शिवाय कामासाठी शाळा कमी करायची म्हटली तर ती कोणाच्या मुलांची कमी होते? मद्रास राज्यात १९५३ साली राजाजी मुख्यमंत्री असताना अशी एक योजना आली होती. खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे तास रोजचे तीन करायचे, आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा. दोन पाळ्यांमुळे जास्त मुलांना शाळा मिळेल, असा त्यात हेतू होता. पण लोकांनी विचारले, की कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हायचे काय? मोठा विरोध झाला, राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले, आणि १९५४ साली कामराज यांनी ती योजना मागे घेतली. आपल्याकडे तर जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मागितले होते, की निदान बारा वर्षांपर्यंत मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शाळेचा वेळ कापायचा नाही, तो राखायचा, हे थोरांनी आपल्याला सांगून ठेवले आहे.

आता एक घरातलीच गोष्ट. मूल शाळेत बसले म्हणजे शिकले असे नाही. ते जागे पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री निदान नऊ तास झोप हवी असे डॉक्टर सांगतात. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून २०२४ साली आपल्या सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. शहरात सातला शाळा, सहाला रिक्षा, त्यांच्यासाठी ते चांगलेच झाले. आपल्या खेड्यातली शाळा तशीही दहा-साडेदहाला भरते. तरी आपली मुले वर्गात जांभया का देतात? कारण आपल्या घरात रात्री अकरापर्यंत मालिका चालते, नाहीतर मोबाईल. शनिवारची आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा असली तर विचारायलाच नको. पोर उपाशीपोटी, अर्धवट झोपेत, तोंडावर पाणी मारून पळते. सरकारला घंटेची वेळ बदलता येते. घरातला दिवा किती वाजता मालवायचा हे आपल्यालाच ठरवावे लागते. शाळेची घंटा आणि घरचे घड्याळ या दोघांचे जमले, तरच त्या चार तासांचे सोने होते.

जमवता येते, हे मी अनुभवाने सांगते. तीन वर्षांपूर्वी गावातल्या मुली आठवीला बाजारच्या गावी जायला निघाल्या, तेव्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला. गाडी पाचची, शाळा सुटणार साडेपाचला. तीस वर्षांत रस्ता डांबरी झाला, हातात मोबाईल आले, पण तो अर्धा तास जागेवरच होता! या वेळी मात्र आपले मंडळ होते. आम्ही अकराजणी मुख्याध्यापकांकडे गेलो. मी वहीच्या कागदावर हिशेब लिहून नेला होता. शाळा वीस मिनिटे आधी भरवावी, मधली सुट्टी पंधरा मिनिटांनी कमी करावी, म्हणजे सुटायला पाचला पाच कमी होतील आणि शिकवण्याचे एक मिनिटही बुडणार नाही. मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. "मी शिक्षकांशी बोलतो," म्हणाले. गाडीच्या लोकांनाही आम्ही अर्ज दिला, की मुली थांब्यावर येईपर्यंत पाच-सात मिनिटे कळ काढा. पंधरा दिवसांनी दोन्ही गोष्टी झाल्या. पैसा लागला नाही, मोर्चा लागला नाही. आज आपल्या गावच्या नऊ मुली त्या गाडीने दिवसाउजेडी घरी येतात. त्यांत माझी एक आहे. पहिल्या दिवशी मी थांब्यावर जाऊन उभी राहिले होते. मुली उतरल्या, हसत खिदळत गेल्या. मी तिथेच थोडी थांबले. कोणाला काही सांगितले नाही, आज सांगते आहे.

आता शेवटी मंडळापुढे चार गोष्टी मागते.

पहिली, प्रत्येकीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलाच्या बुडालेल्या दिवसांची फुली मारावी आणि महिन्याच्या बैठकीत एकमेकींना दाखवावी. लाज वाटेल. मला वाटली होती. ती लाज उपयोगाची आहे.

दुसरी, कापूस वेचणीच्या दिवसांत आपण आठजणींचा एक गट करून सावड करू. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकमेकींची मदत झाली तर पोरीला पिशवी घेऊन सरीत उभे करायची पाळी येणार नाही.

तिसरी, रात्री साडेनऊला घरातला आवाज बंद. मालिका बघायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी बघा.

चौथी गोष्ट अवघड आहे, पण तीच मला सर्वांत जवळची आहे. यंदा दसऱ्याला आपल्या गावातून जेवढे कोयते जातील, त्यांच्या घरी आपण आधी जाऊ आणि सांगू, की मुलगी इथेच ठेवा. हंगामी वसतिगृहात तिचे जेवण होईल, रात्री ती आजीजवळ झोपेल, आजी नसेल तर आपल्यापैकी एकीकडे झोपेल. पण मग बाळाचे काय, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याला नुसता उपदेश हे उत्तर नव्हे. तिथे तळावर पाळणाघर करा, असे मुकादमाकडे आणि कारखान्याकडे मागायला आपण त्या बायांच्या बरोबर उभ्या राहिलो पाहिजे. ते होईल तेव्हा होईल. तोवर निदान एका मुलीची शाळा आपण वाचवू. माझ्या जावेची मुलगी यंदा माझ्या घरी राहणार आहे. जाऊ अजून पुरती हो म्हणालेली नाही, पण नाहीही म्हणालेली नाही. बाळाला तिची धाकटी बहीण सांभाळायला येते का, ते पाहणे चालू आहे. जमले तर पाडव्याला त्या मुलीला मी तेच पुस्तक पुन्हा देईन.

गाव करील ते राव काय करील, असे म्हणतात. चार तास फार नसतात. पण चार तास रोज, न चुकता, पोट भरलेले, झोप झालेली आणि समोर गुरुजी, एवढे आपल्या प्रत्येक लेकराला मिळाले, तर आणखी तीस वर्षांनी या जागेवर उभी राहणारी बाई "मी सातवी शिकलेली" असे म्हणून सुरुवात करणार नाही.